पत्र्यावर कापलेले अक्षर

इंदूरहून खंडव्याकडे जाणारा रस्ता सुमारे पंचवीस किलोमीटरवर सिमरोल गावाशी येतो आणि पुढे घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्याकडे वळतो. ओंकारेश्वराचे यात्रेकरू, बऱ्हाणपूर-जळगावकडे माल नेणारे ट्रकचालक आणि इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी या सर्वांना हे चार अक्षरांचे नाव रोज वाचावे लागते. २००९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे आवार सिमरोललाच आहे. हे नाव एकदाच लिहावयाचे असेल तर रंगारी कुंचला घेतो आणि हाताने लिहितो. पण तेच नाव पाचशे पोत्यांवर किंवा दोनशे खोक्यांवर उमटवावयाचे असेल, तर हात थकतो, अक्षर बदलते आणि वेळही फार जातो. अशा वेळी रंगारी पत्रा घेतो, त्यात अक्षरे कापतो, तो पत्रा पोत्यावर ठेवतो आणि वरून रंगाचा बोळा फिरवतो. पत्रा उचलला की नाव तयार. या कापीव साच्याला सर्वत्र स्टेन्सिल असे म्हणतात.

साधन इतके साधे आहे, की त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः ‘सिमरोल’ हे नाव पत्र्यावर नीट कापून दाखविणे ही देवनागरी लिपीची एक चांगली परीक्षाच आहे. रोमन लिपीने ही परीक्षा फार पूर्वी दिली आणि तिच्यातून ठळक स्टेन्सिल टाइपांचे एक घराणेच निर्माण झाले. देवनागरीपुढील प्रश्न मात्र निराळा आणि अधिक नाजूक आहे.

प्रथम साच्याचे मूळ तत्त्व पाहू गेल्यास ते मराठी घरांत जुनेच आहे. सणावारी उंबऱ्यापुढे ठेवावयाचा रांगोळीचा छापा म्हणजे भोके पाडलेला पत्राच होय. त्यावर रांगोळी पसरली की ती भोकांतून खाली उतरते आणि जमिनीवर नक्षी उमटते. मात्र ती नक्षी ठिपक्यांची असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ठिपक्याच्या जागी अखंड वर्तुळाकार रेषा कापावयाची ठरविली तर काय होईल? रेषा पूर्ण होताच वर्तुळाच्या आतला पत्रा सुटून खाली पडेल, आणि कड्याऐवजी भलेमोठे भोक हाती राहील. चहूबाजूंनी कापल्यामुळे सुटणाऱ्या या तुकड्याला बेट म्हणता येईल. बेट सुटू नये म्हणून रेषेत एखाददोन ठिकाणी न कापलेली अरुंद पट्टी ठेवावी लागते. ती पट्टी म्हणजे बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल. स्टेन्सिलच्या अक्षरात ज्या पांढऱ्या फटी दिसतात, त्या या पुलांच्या सावल्या होत.

ही युक्ती फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकात इटलीवर राज्य करणारा थिओडोरिक हा राजा लिहिता येत नसल्यामुळे चार अक्षरे कापलेल्या सोन्याच्या पट्टीतून लेखणी फिरवून हुकुमांवर सही करीत असे, अशी कथा तत्कालीन बखरीत आली आहे. कचेऱ्यांतून अनेक वर्षे वापरात असलेली सायक्लोस्टाईलची मेणकागदी स्टेन्सिलही याच जातीची. टंकलेखकाने बटण फार जोराने दाबले तर वाटोळ्या अक्षरांची पोटे निखळून पडत आणि प्रतीवर काळे ठिपके उमटत, हा अनुभव जुन्या कारकुनांना नवा नव्हता. एरवी ती पोटे जागच्या जागी राहत, कारण मेणाच्या थराखाली बारीक तंतूंचा कागद असे. तो शाई झिरपू देई, पण बेटाला धरून ठेवी. रेशमी जाळीवरच्या छपाईतही जाळीच बेटे सांभाळते. तात्पर्य, बेट राखण्याचे मार्ग दोनच : खाली जाळी धरा, अथवा मध्ये पूल ठेवा. पोत्यावरच्या पत्र्याला जाळी परवडत नाही, म्हणून त्याच्या नशिबी पूल आला.

छापखान्याच्या खिळ्याला हा प्रश्न कधीच पडला नाही. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागराने मुंबईत देवनागरी खिळ्यांना जे देखणे रूप दिले, त्यातील प्रत्येक अक्षर धातूवर उठावाचे होते. उठावाच्या अक्षरात पोट म्हणजे केवळ खोलगट जागा, ती सुटून पडण्याचे भय नाही. असे असूनही विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील टाइपकारांनी पुलांच्या फटी मुद्दाम खिळ्यात आणल्या. १९२९ साली पाउल रेनर यांचा फुटुरा ब्लॅक आणि १९३१ साली यान चिखोल्ड यांचा ट्रान्झिटो हे टाइप निघाले. १९३७ साली तर अमेरिकेत एक योग जुळून आला. अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी गेरी पॉवेल यांनी आणि लडलो कंपनीसाठी आर. हंटर मिडलटन यांनी असे दोन निरनिराळे टाइप एकाच वर्षी सिद्ध केले, आणि दोहोंचे नाव स्टेन्सिल हेच. दोहोंत केवळ मोठी अक्षरे होती, लहान अक्षरे नव्हतीच. खोक्यावरच्या आणि पिंपावरच्या अक्षराचा रांगडेपणा जाहिरातीच्या कागदावर आणावा, एवढाच त्यांचा हेतू होता. गरजेपोटी आलेली फट येथे अलंकार झाली.

हे टाइप ठळकच का असतात, याचेही उत्तर पत्र्यातच आहे. बारीक फटीतून रंग पुरेसा उतरत नाही. दहावीस पोती होताच वाळलेल्या रंगाने ती बुजून जाते. म्हणून रेघ जाड हवी. पण रेघ जसजशी जाड होते तसतसे भोक मोठे होते, बेट लहान होते आणि पत्रा दुबळा पडतो, तेव्हा पूलही तितकाच रुंद ठेवावा लागतो. त्यात तागाच्या पोत्याचे विणकाम भरड असल्यामुळे रंग कडेकडेने पसरतो आणि पत्र्यावर कापलेली फट पोत्यावर अधिक अरुंद उमटते. पूल फार नाजूक ठेवला तर फट पूर्ण भरून जाते. रेघेची जाडी, पोटाची जागा आणि पुलाची रुंदी या तिहींचा मेळ घालणे हेच या अक्षररचनेतील खरे कौशल्य होय.

आता देवनागरीकडे वळावे. रोमन शब्दातील अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी असतात. देवनागरी शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो. मोडीत तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होती. होळकर दरबारच्या कारकुनाने कागद पुढे ओढला की प्रथम तो आडव्या रेघा ओढी आणि मग त्या रेघांना अक्षरे लटकवीत जाई. बाळबोध लिहिणारा अक्षरे आधी काढून रेघ मागाहून देतो एवढाच फरक. पत्र्यावर ही शिरोरेषा म्हणजे शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली लांबच लांब चीर. तिच्या खाली अक्षराअक्षरांच्या मध्ये पत्र्याच्या अरुंद जिभा उभ्या राहतात. त्या खालच्या बाजूने जोडलेल्या, पण वरून मोकळ्या. पत्रा चार वेळा उचलला-ठेवला की या जिभा वाकतात आणि रंग त्यांच्याखाली शिरतो. गुजराती लिपीने शिरोरेषा सोडून दिली असल्यामुळे तिला हा त्रास नाही.

शिवाय शिरोरेषा नवी बेटेही निर्माण करते. ‘सिमरोल’ हेच नाव घ्या. पहिल्या वेलांटीची कमान आणि शिरोरेषा यांच्यामध्ये एक बेट. ‘स’ ची आडवी रेघ आणि शिरोरेषा यांच्यामध्ये दुसरे. ‘म’ च्या पोटात तिसरे, आणि ‘म’ ची गाठ पोकळ काढली तर तेथे चौथे. ‘र’ मात्र निर्धोक, त्यावरचा काना-मात्राही मोकळा. ‘ल’ मध्ये बंद पोट नाही. मराठी वळणाच्या बिनदंडाच्या ‘ल’ ला तर उभ्या रेघेचीही अडचण नाही. हे वळण २००९ साली महाराष्ट्र शासनाने आपल्या वर्णमालेत अधिकृतपणे राखले. हिंदी वळणाने लिहिणाऱ्या इंदूरच्या रंगाऱ्याचा ‘ल’ दंडाचा असतो, हा दोन शेजाऱ्यांतील लहानसा भेद.

तीन बेटे, तेव्हा तीन पूल ठेवले की काम झाले, असे वाटेल. परंतु खरी अडचण येथेच सुरू होते. पूल ठेवावयाचा कोठे? रोमन लिपीतही याबाबत थोडी सावधगिरी लागते. ‘ओ’ या अक्षराच्या उजव्या अंगाला रुंद फट ठेवली तर त्याचा ‘सी’ होतो, म्हणून तेथे फटी वर आणि खाली ठेवतात. पण देवनागरीत फट हीच कित्येक ठिकाणी अक्षराची खूण आहे. ‘म’ आणि ‘भ’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘य’ आणि ‘थ’ या जोड्या पाहा. पहिल्या अक्षराची शिरोरेषा अखंड, दुसऱ्याची डाव्या बाजूस तुटलेली. शाळेत मूल लिहावयास शिकते तेव्हा या तुटलेल्या रेघेसाठीच त्याला वारंवार बोलणी खावी लागतात. अशा लिपीत सोयीसाठी म्हणून शिरोरेषेत कोठेही फट पाडली, तर ‘घर’ वाचावे की ‘धर’ असा संशय उत्पन्न होतो.

शिरोरेषा सोडून अक्षराच्या अंगात फट पाडावी, तर तेथेही तीच गत. ‘म’ ची आडवी रेघ तोडा : डावीकडे गाठीची रेघ, उजवीकडे सुटा दंड, म्हणजे जवळजवळ ‘ग’ च झाला. ‘स’ ची आडवी रेघ तोडा : उरला ‘रा’. पोटफोड्या ‘ष’ चे पोट फोडणारी रेघच पुलाने खाल्ली तर उरतो ‘प’. ‘ठ’ चे वर्तुळ उजवीकडे उघडले की ‘ट’. ‘ख’ चा पाय सुटला की ‘रव’. हा घोटाळा तर हस्ताक्षरातही इतका परिचित, की केंद्र सरकारने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या मानक देवनागरीत ‘ख’ चा पाय जोडलेला ठेवणेच इष्ट ठरले. अशा रीतीने निष्काळजीपणे कापलेला ‘सिमरोल’ पोत्यावर ‘सिगरोल’ होऊन उमटू शकतो, आणि त्या नावाचे गाव शोधण्याची पाळी हमालावर येते.

मग मार्ग कोणता? अक्षराची ओळख ज्या भागावर अवलंबून आहे तो भाग वाचवावा आणि ज्या भागाची वाचक मनानेच भरपाई करतो तेथे पूल ठेवावा, हे त्याचे सूत्र. देवनागरीत असा भाग सुदैवाने पुष्कळ अक्षरांत आहे, आणि तो म्हणजे दंडाचा माथा. दंड शिरोरेषेला जेथे मिळतो, तेथे शिरोरेषेच्या लगत खाली बारीक फट ठेवली, तर ‘म’ चा ‘म’ च राहतो आणि ‘स’ चा ‘स’ च. आडव्या रेघा शाबूत, शिरोरेषा शाबूत, केवळ दंड रेघेपासून केसभर सुटलेला. पोटातले बेट त्या फटीतून उजवीकडच्या जिभेशी जोडले जाते. वेलांटीची कमान उजवीकडे शिरोरेषेला टेकण्याच्या आधीच थांबविली, तर तिचेही बेट सुटत नाही. हाताने लिहितानाही पुष्कळजण ती तशीच थांबवितात.

राहिला शिरोरेषेच्या लांब चिरेचा प्रश्न. तिच्यात पूल हवेतच, पण ते दोन अक्षरांच्या सीमेवर, आणि तेही मागच्या अक्षराच्या उजव्या दंडाच्या लगेच पलीकडे. असे केले म्हणजे पुढच्या अक्षराच्या डाव्या खांद्यावर शिरोरेषेचा थोडा तुकडा शिल्लक राहतो, आणि ‘म’ वर ‘भ’ असल्याचा आरोप येत नाही. शिवाय प्रत्येक जीभ आता वरूनही बांधली जाते आणि पत्रा बळकट होतो. अट एकच : ही फट ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांच्या अंगच्या फटीहून अरुंद हवी, आणि त्या अंगच्या फटीहून दोन शब्दांमधले अंतर मोठे हवे. लहान फट रचनेची, मध्यम फट अक्षराची, मोठी फट शब्दाची, अशी तिन्हींची पायरी डोळ्यांना पटली पाहिजे.

येथेच रंगाऱ्याचा पत्रा आणि टाइपकाराचा टाइप यांतील फरक कळून येतो. रंगारी प्रत्येक अक्षराला सोयीचा पूल ठेवतो. कोठे रुंद, कोठे अरुंद, कोठे तिरपा. टाइपकार सगळ्या वर्णमालेसाठी एकच नियम ठरवितो. फटी सारख्या रुंदीच्या, सारख्या दिशेच्या, शक्यतो एकाच उंचीवर. त्यामुळे शब्दातून एक पांढरी लय वाहू लागते, आणि वाचकाला ती मोडतोड न वाटता रचना वाटते. ठळकपणा वाढवीत नेला तर अक्षराचे पोट केवळ एका चिरेएवढे उरते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या ‘मोदक’ या गुबगुबीत देवनागरी टाइपात हे पाहावयास मिळते. तो स्टेन्सिल नव्हे, परंतु अक्षर किती जाड केले तरी योग्य जागी ठेवलेल्या बारीक पांढऱ्या रेघेने ते वाचता येते, हे त्याने दाखविले आहे. संगणकात तर प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊनच येते आणि शेजारच्याला भिडते. तेव्हा तो तुकडा किंचित आखूड कापला की सीमेवरची फट आपोआप तयार होते. जोडाक्षरांना मात्र असा सोपा उपाय नाही. ‘क्ष’, ‘त्र’, ‘द्ध’ यांचा विचार एकेकट्याने करावा लागतो, आणि ठळक देवनागरी स्टेन्सिल टाइप घडविणाऱ्याचे पुष्कळसे श्रम तेथेच खर्ची पडतात.

या अक्षराचे उपयोग सिमरोलच्या परिसरातच पुरेसे सापडतात. सिमरोल ज्या महू तहसिलीत येते, त्या महूला इंग्रजी अमदानीपासून लष्कराची छावणी आहे. लष्करी खोक्यांवरील स्टेन्सिलचे अक्षर जगभर इतके रूढ झाले आहे, की चित्रपटाच्या भित्तिपत्रकावर ते दिसताच विषय लष्कराचा असावा असे प्रेक्षक ताडतो. दुसरा उपयोग धान्याच्या पोत्यांचा. सरकारी खरेदीच्या पोत्यावर हंगामाचे वर्ष आणि खरेदी करणाऱ्या यंत्रणेचे नाव असावे लागते. २०२० च्या हंगामात मध्य प्रदेशाने १२९ लाख टनांहून अधिक गहू खरेदी करून पंजाबालाही मागे टाकले. ५० किलोच्या पोत्याने हिशेब केला तर ही २५ कोटींहून अधिक पोती होतात. एवढ्या पोत्यांवर हाताने सुबक अक्षर काढण्याची कल्पनाच करवत नाही. तिसरा उपयोग रेल्वेच्या वाघिणींचा. भारतीय रेल्वेच्या वाघिणीवर अकरा अंकी क्रमांक असतो आणि त्यातला शेवटचा अंक केवळ तपासणीसाठी असतो. मधला एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर गणिताने ती चूक उघडी पडते.

गावाच्या नावाला असा तपासणीचा अंक नसतो. ‘सिगरोल’ वाचले गेले तर त्याला अडविणारे गणित नाही, अक्षराची स्पष्टता हाच तेथे एकमेव पहारेकरी. म्हणून स्टेन्सिलच्या अक्षराला मर्यादाही पाळाव्या लागतात. ते नाव, क्रमांक, इशारा, मथळा अशा दोनचार शब्दांपुरते वापरावे, आणि मोठ्या आकारात वापरावे. परिच्छेदच्या परिच्छेद त्यात छापले तर फटींचा पाऊस पडल्यासारखा होऊन डोळा शिणतो. औषधाचे नाव, मात्रेचे प्रमाण, पत्ता यांसारख्या ठिकाणी शोभेसाठी त्याचा मोह धरू नये. आणि जेथे जाळीची छपाई आहे, संगणक आहे, पुलाची काहीही गरज नाही, तेथे फट केवळ शोभेसाठी ठेवणाऱ्याने तर अधिकच जपले पाहिजे. रंगाऱ्याला पत्रा तुटण्याची सबब तरी असते, त्याला तीही नाही.

आज पुठ्ठा, पत्रा, क्ष-किरणांची जुनी फिल्म, जे मिळेल त्यावर गावोगावचे रंगारी साचे कापतात. त्यातील पुष्कळांनी टाइपशास्त्राचे नाव ऐकलेले नसते, तरीही अनुभवाने त्यांचा हात दंडाच्या माथ्याशी थांबतो आणि ‘म’ ची आडवी रेघ वाचवितो. देवनागरीचे ठळक स्टेन्सिल टाइप करावयास निघालेल्या कलावंताने परदेशी नमुन्यांच्या फटी उचलण्यापूर्वी हे साचे पाहावेत. कोणती रेघ तोडली तरी चालते आणि कोणती तोडली की दुसरेच अक्षर होते, याचा निवाडा त्या पत्र्यांनी पोत्यापोत्यावर केलेला आहे.